‘हेड घासलंय’ म्हणण्याआधी : इंजिनाचं कॉम्प्रेशन मोजायचं कसं, अन् नियम लिहायचा कसा

हा या भागाचा लिखित मजकूर. रेकॉर्डिंगमध्ये मी आकडे तोंडी सांगितले होते. त्यावर बऱ्याच जणांचे मेसेज आले, की गाडी चालवता चालवता ऐकतोय, आकडे डोक्यात राहत नाहीत, लिहून टाका. म्हणून इथं हिशेब जरा सविस्तर दिलाय अन् मधल्या गप्पा कापल्यात.

विषय सुरू झाला एका फोनवरून. सेलू तालुक्यातला आपला एक श्रोता आहे, वय तेवीस-चोवीस. हरभरा निघाल्यावर मोकळ्या रानात ट्रॅक आखून जवळच एक मोटरसायकल रेस झाली. याने १०० सीसीच्या ‘स्टॉक’ गटात गाडी उतरवली अन् पहिला आला. शर्यत संपल्यावर तपासणी झाली. प्लग काढला, कॉम्प्रेशन गेज लावला, सहा-सात किका मारल्या. काटा गेला १७८ पीएसआयवर. आयोजकांच्या कागदावर मर्यादा होती १६५. झालं, ‘हेड घासलंय’ म्हणून पोरगा बाद. प्रवेश फी गेली ते सोडा, पण त्याचं इंजिन बांधलं होतं त्याच्या मामानं, अन् मामाचं गावात गॅरेज आहे. चारचौघांत मामा चोर ठरला. पोराचा प्रश्न साधा होता : ‘दादा, मामानं हेडला हातसुद्धा लावला नाही. मग एवढा आकडा आला कुठून?’

मी त्याला फोनवर उत्तर दिलं नाही. रविवारी गाडी घेऊन ये म्हटलं. काय निघालं ते शेवटी सांगतो. आधी कॉम्प्रेशन म्हणजे काय ते नीट बघू, कारण एकाच शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो.

परभणीच्या माणसाला कॉम्प्रेशन शिकवायला लागत नाही, खरं तर. विहिरीवरचं जुनं हँडलवालं डिझेल इंजिन ज्याने चालू केलंय त्याला ते दंडात माहीत आहे. डिकॉम्प्रेशनची खिट्टी उचलायची, हँडल गरगर फिरवायचं, वेग आला की खिट्टी सोडायची. खिट्टी न उचलता फिरवायला गेलात तर हँडल जागचं हलत नाही. जुन्या बुलेटलाही तसाच डिकॉम्प्रेसरचा लिव्हर असायचा. तर सिलिंडरात कोंडलेली हवा उलट जोर लावते, हे झालं दाबाचं कॉम्प्रेशन. ते पीएसआयमध्ये किंवा किलोमध्ये मोजतात.

दुसरं कॉम्प्रेशन म्हणजे गुणोत्तर, कॉम्प्रेशन रेशो. पिस्टन तळाला असताना त्याच्या वर एकूण किती जागा आहे, अन् पिस्टन माथ्याला आल्यावर किती उरते, त्यांचा भागाकार. हा दाब नाही. ही निव्वळ भूमिती आहे. इंजिन बंद असो, थंड असो, रिंगा घासलेल्या असोत, गुणोत्तर तेच राहतं.

कंपनीच्या मॅन्युअलमध्ये जे ९:१ किंवा १०:१ छापलेलं असतं ते हे दुसरं. आपल्या हातातला गेज मोजतो ते पहिलं. सगळा घोळ इथं आहे.

आता आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणारं १०० सीसीचं इंजिन घेऊ. बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५. हिशेब केला की पिस्टन जी जागा झाडून काढतो ती येते ९७.२ सीसी. मॅन्युअलमध्ये ९:१ आहे असं धरा. म्हणजे पिस्टन माथ्यावर असताना वर उरलेली जागा ९७.२ भागिले ८, बरोबर १२.१५ सीसी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहे. १२ सीसी म्हणजे किती, तर अडीच छोटे चमचे. पोराचं सगळं भांडण एवढ्या जागेवरून.

हेड घासलं की काय होतं? लेथवाल्याकडून हेडचा अर्धा मिलिमीटर काढून आणला, चेंबर पूर्ण बोअरइतकं रुंद आहे असं धरलं, तर साधारण १ सीसी जागा कमी होते. १२.१५ ची ११.१७ झाली. गुणोत्तर गेलं ९.७ वर. फायदा काय? पुस्तकी ऑटो सायकलच्या सूत्राने कार्यक्षमता दोन टक्क्यांच्या आसपास वाढते. आठ हॉर्सपॉवरच्या गाडीत दोन टक्के म्हणजे हॉर्सपॉवरचा सहावा हिस्साही नाही. हसू येईल. पण स्टॉक गटात सगळ्यांचं कार्बोरेटर तेच, स्प्रॉकेट तेच, टायर तेच. तिथं सरळ पट्ट्यावर एक चाक पुढे निघायला तेवढं पुरतं.

आणि किंमतही मोजावी लागते. गुणोत्तर वाढलं की इंजिन ठोकायला लागतं, आपण ‘नॉकिंग’ म्हणतो ते. मे महिन्यातल्या परभणीच्या उन्हात तर आधी. मग पिस्टनच्या डोक्याला खड्डे पडतात, नंतर भोक.

रेसवाल्यांनी कॉम्प्रेशनला मर्यादा घातली ती मुख्यतः यासाठीच : पैसा. हा नियम आपल्याकडे आला तो मोठ्या रेसिंगमधून. अमेरिकेत स्टॉक कार रेसिंग नावाचा प्रकार आहे, नावाप्रमाणे शोरूममधल्या गाड्यांपासून सुरू झालेला. त्यांच्या सगळ्यात वरच्या मालिकेत, नॅसकारमध्ये, १९९८ साली मर्यादा १४:१ वरून १२:१ वर आणली. खाली, गावोगावच्या मातीच्या ओव्हल ट्रॅकवर, हौशी लोकांचे गट आहेत. तिथं गुणोत्तर आणखी कमी ठेवतात, म्हणजे साधं पेट्रोल चालतं, इंजिन हंगामभर टिकतं, अन् ज्याच्याकडे पैसा जास्त तोच जिंकतो असं होत नाही. म्हणजे हा नियम गरीब स्पर्धकाच्या बाजूचा आहे. तोच उलटा फिरून आपल्या पोराच्या अंगावर आला, म्हणून मला बोलावंसं वाटलं.

आता गेजकडे येऊ. गेज वाईट यंत्र नाही. रिंगा गेल्या का, वॉल्व्ह बसतोय का, हे सांगायला त्याच्यासारखं काही नाही. दोन थेंब ऑइल टाकून परत मोजलं अन् काटा वर गेला तर रिंगा, नाही गेला तर वॉल्व्ह, हे प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक आहे. पण गुणोत्तर त्याच्यातून निघत नाही.

९:१ गुणोत्तराचं इंजिन गेजवर किती दाखवेल, याचा कागदी हिशेब करून बघा. हवा दाबताना अजिबात तापली नाही असं धरलं तर ११८ पीएसआय. सगळी उष्णता आतच राहिली, एक थेंबही हवा गळली नाही असं धरलं तर ३०४. खरं इंजिन या दोघांच्या मध्ये कुठंतरी पडतं, अन् कुठं पडतं ते ठरवणाऱ्या गोष्टी गुणोत्तराच्या बाहेरच्या आहेत. किक किती जोरात मारली. थ्रॉटल पूर्ण उघडा होता का. बंद असला तर हवाच आत येत नाही. इंजिन गरम होतं का थंड. नव्या रिंगा होत्या का जुन्या. टॅपेट घट्ट होते का. काही गाड्यांच्या कॅमवरच सोप्या स्टार्टसाठी डिकॉम्प्रेशनची सोय असते, तिथं तर आकडा मुळातच कमी येतो.

जागासुद्धा मोजली पाहिजे. मुंबईत समुद्रसपाटीला १७० दाखवणारं इंजिन परभणीत, साडेतीनशे-चारशे मीटरवर, १६२-१६३ दाखवेल. तेच महाबळेश्वरला नेलं तर दीडशेच्याही खाली. इंजिनाला कुणी पान्हा लावला नाही, फक्त हवा विरळ झाली. म्हणजे कुणी मुंबई-पुण्याच्या रेसचा पीएसआयचा आकडा उचलून आपल्या कागदावर लिहिला असेल तर तो तिथंच चुकला.

अन् एक गोष्ट जी मला स्वतःला फार उशिरा कळली : गेजचा पाइप. चांगल्या गेजला प्लगच्या टोकालाच एकमार्गी वॉल्व्ह असतो. स्वस्तातल्या काही गेजला तो घड्याळाजवळ असतो. मग मधल्या पाइपमधली जागा चेंबरमध्ये जमा होते. पाइपात ३ सीसी जागा असेल तर आपल्या १२.१५ चे झाले १५.१५, अन् ९ चं इंजिन गेजच्या दृष्टीने ७.४ चं झालं! कारच्या सिलिंडरला हे ३ सीसी जाणवत नाहीत, १०० सीसीच्या गाडीला फार जाणवतात. म्हणजे एका रेसला एक गेज अन् दुसऱ्या रेसला दुसरा, तर त्याच गाडीच्या आकड्यात वीस-तीसचा फरक सहज पडू शकतो.

सगळ्यात मोठी गंमत कॅमची. इनटेक वॉल्व्ह उशिरा बंद होणारा कॅम घातला की हळू फिरताना आलेली थोडी हवा परत बाहेर जाते अन् गेज कमी दाखवतो. म्हणजे ज्याने हेडही घासलं अन् कॅमही बदलला, तो गेजवर एकदम साळसूद दिसेल. ज्याने प्रामाणिकपणे नव्या रिंगा टाकल्या तो अडकेल. गेजवर निकाल देणारा आयोजक नकळत मोठ्या चोराला सोडतोय.

मग गुणोत्तर मोजायचं कसं? जागा मोजायची. तीच एक सरळ वाट. मूळ पद्धत अशी : हेड काढायचं, उलटं ठेवायचं, प्लग बसवायचा, वॉल्व्हच्या कडांना ग्रीस. चेंबरवर भोक पाडलेली ॲक्रिलिकची पारदर्शक पट्टी ग्रीस लावून चिकटवायची अन् बुरेटने पातळ ऑइल किंवा रंग टाकलेलं रॉकेल सोडायचं. बुडबुडा उरला नाही की किती सीसी गेलं ते वाचायचं. मग गॅस्केटची जाडी, पिस्टन माथ्यावर असताना ब्लॉकच्या कडेपासून किती खाली किंवा वर आहे, पिस्टनच्या डोक्याला खळगा आहे का उंचवटा, सगळं मिळवायचं. पण रानात, धुळीत, रात्री आठ वाजता हेड कोण खोलणार? अन् खोलल्यावर नवीन गॅस्केटचे पैसे कोण देणार?

म्हणून दुसरी पद्धत, प्लगच्या भोकातून. पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्यावर आणायचा, दोन्ही वॉल्व्ह बंद. गाडी अशी तिरकी धरायची की प्लगचं भोक सगळ्यात वर येईल, नाहीतर हवेचा फुगा आत अडकतो. मग मोजून ऑइल सोडायचं, आट्यांच्या तळापर्यंत. फार वेळ लावला तर ऑइल रिंगांतून खाली उतरतं, म्हणून झटपट, अन् तीनदा मोजायचं. कार्टिंगमध्ये ही पद्धत रुळलेली आहे. आंतरराष्ट्रीय कार्टिंगच्या केझेड या गिअरवाल्या १२५ सीसी वर्गाच्या नियमात तर गुणोत्तराचा आकडाच नाही. तिथं लिहिलंय, चेंबर किमान १३ सीसी हवं, अन् ते प्लगच्या जागी ठरावीक मापाचा तुकडा बसवून असं असं मोजायचं. मला हा नियम फार आवडतो. भागाकार नाही, वाद नाही, जे मोजलं तेच लिहिलं.

कार्टिंगमधलीच आणखी एक युक्ती म्हणजे सोल्डरची तार. प्लगच्या भोकातून तार सिलिंडरच्या कडेपर्यंत घालायची, इंजिन हाताने फिरवायचं, चेपलेली तार बाहेर काढून व्हर्नियरने मोजायची. पिस्टन अन् हेडमधली फट कळते. रोटॅक्स मॅक्सवाले हे करतात, अन् त्यांच्या रेसच्या इंजिनांना सीलही असतं. महाराष्ट्रात हे डोळ्यांनी बघायचं तर कोल्हापूरला. तिथल्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर कार्टिंगच्या राष्ट्रीय फेऱ्या झालेल्या आहेत.

अमेरिकेतले हौशी रेसवाले आणखी एक यंत्र वापरतात, त्याचं नाव ‘व्हिसलर’, कॅटेक नावाच्या कंपनीचं. प्लगच्या भोकाला नळी लावून हवा सोडायची, सिलिंडर शिट्टी वाजवतो, अन् शिट्टीच्या सुरावरून यंत्र गुणोत्तर सांगतं. जादू वाटते, पण नळाखाली कळशी भरताना आवाज कसा बारीक बारीक होत जातो ते आठवा. जागा कमी, सूर उंच. भौतिकशास्त्र तेच. हेड न खोलता, ऑइल न ओतता काम होतं.

अन् शेवटचा मार्ग, मोजूच नका! इंजिन सील करा. अमेरिकेत जनरल मोटर्सचं ‘६०२’ नावाचं तयार इंजिन येतं, त्याचे ठरावीक बोल्ट असे असतात की खोलले तर कळतं. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या पोरांची बाहा स्पर्धा बघा, पेट्रोल गाड्यांना सगळ्यांना ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १० हॉर्सपॉवरचं तेच इंजिन, आत हात घालायचा नाही. उत्तम उपाय. पण ज्या रेसमध्ये पोरगा कामावर जायची गाडीच घेऊन येतो, तिथं सील कुठलं? त्याला उद्या सकाळी ती गाडी परत दुधाला न्यायचीय.

तर रविवारी पोरगा अन् त्याचे मामा गाडी घेऊन आले. मामा फारसे बोलले नाहीत. मी एका मेडिकलमधून १० मिलीची सिरिंज आणली होती, पण तिच्यावरच्या खुणा ०.२ च्या. इथं थांबतो, कारण ही खूण महत्त्वाची आहे. अमेरिकेतल्या ३५० क्युबिक इंचांच्या व्ही-८ इंजिनात एका सिलिंडरची झाडलेली जागा ७१७ सीसी. ९:१ ला चेंबर जवळपास ९० सीसीचं. तिथं मापात ०.२ सीसीची चूक झाली तर गुणोत्तर फक्त ०.०२ ने हलतं. आपल्या १२.१५ मध्ये तीच चूक झाली तर ९ चं ९.१३ होतं. म्हणजे मोठ्या इंजिनाच्या नियमात ‘दशांश एकपर्यंत सूट’ असं लिहिलेलं असलं तर ते तिथं ठीक. आपण ते जसंच्या तसं उचललं तर मोजणाऱ्याचा हात हलला म्हणून माणूस बाद होईल.

म्हणून मी सिरिंजच्या खुणा वाचल्याच नाहीत. ओळखीच्या सोनाराचा काटा मागून आणला, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. आधी त्याच ऑइलचे १० मिली तोलून घेतले, म्हणजे एका सीसीचं वजन कळलं. मग भरलेली सिरिंज तोलायची, ऑइल सोडायचं, रिकामी तोलायची. फरक म्हणजे आत गेलेलं ऑइल. प्लगच्या भोकातून आधी आतला कार्बन जमेल तेवढा खरवडून घेतला होता, कारण कार्बनही जागा खातो. तीन वेळा मोजलं : १२.०, १२.२, १२.१.

हेड घासलेलं नव्हतं. मामांच्या चेहऱ्याकडे मी मुद्दाम बघितलं नाही.

पण मग १७८? मामांना विचारलं, इंजिन काम कधी केलं? दोन महिन्यांपूर्वी. सिलिंडर बोअर करून ०.५० ओव्हरसाइज पिस्टन टाकला, नव्या रिंगा. गावातल्या प्रत्येक जुन्या गाडीचं एकदा तरी होतं ते. आता हिशेब करा. बोअर ५०.५ झाला, झाडलेली जागा ९९.१५ सीसी. त्याला १२.१ ने भागा, एक मिळवा : ९.१९. गुणोत्तर वाढलंय! हेडला हात न लावता, निव्वळ दुरुस्तीमुळे. वर नव्या रिंगा घट्ट, म्हणून दाब आणखी जास्त. मी शेजारची तशीच, काम न केलेली गाडी मागून घेतली अन् माझा गेज दोघींना लावला. तिला १६० अन् याच्या गाडीला १७६.

याच्या पुढचं माप तर आणखी अडचणीचं. ०.७५ चा पिस्टन टाकला तर इंजिन १००.१३ सीसीचं होतं, म्हणजे १०० च्या गटातूनच बाहेर. कागदावर काटेकोर वाचलं तर तिसऱ्यांदा बोअर केलेली म्हाताऱ्या आजोबांची गाडीही बेकायदा.

मग पोराला न्याय मिळाला का? मी त्याला खोटं सांगितलं नाही. ‘हेड घासलं’ हा आरोप चूक, हे मी कुणापुढेही सांगेन. पण नियमात ‘कॉम्प्रेशन कंपनीइतकंच’ असं एकच वाक्य होतं, अन् तुझं ९.१९ आहे. बोअर केलेली गाडी चालते का नाही, किती ओव्हरसाइजपर्यंत चालते, याबद्दल कागद गप्प आहे. त्यामुळे तू चोर नाहीस, पण तुझी गाडी नियमात बसते का याचं उत्तर त्या कागदात नाही.

जिल्ह्यात जे कुणी रेस भरवतात, अन् त्यातले बरेच हा पॉडकास्ट ऐकतात, त्यांना माझी विनंती एवढीच. पीएसआय लिहू नका. १०० सीसीच्या गटाला ‘चेंबर किमान अमुक सीसी’ लिहा. आकडा त्याच मॉडेलच्या चार-पाच न खोललेल्या गाड्या मोजून काढा अन् त्याच्या खाली थोडी मोकळीक ठेवा. ओव्हरसाइज ०.५० पर्यंत चालेल का नाही ते स्पष्ट लिहा. कुठल्या द्रवाने, किती वेळा, कुणी मोजायचं ते लिहा. कुणाला शंका असेल तर त्याने आक्षेपाचे पैसे जमा करावेत, अन् गाडी बरोबर निघाली तर त्यातून गॅस्केटचे पैसे गाडीवाल्याला मिळावेत. गेज ठेवा जवळ, पण फक्त कुठल्या गाडीचं माप घ्यायचं ते ठरवायला, निकाल द्यायला नाही. खर्च काय? एक बुरेट, एक वाटी ऑइल.

मामांनी ते तीन आकडे अन् ९.१९ चा हिशेब वहीच्या कागदावर लिहून घेतला. पोरगा तो घेऊन आयोजकांकडे गेला. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, पुढच्या वेळी बघू म्हणाले. पुढच्या रेसचा फॉर्म परवा त्याने मला पाठवला. मर्यादा १६५ वरून १८० केलीय. पीएसआयच.